साडेतेरा फुटांची काठी

८ जानेवारी

बाबांचे नदीवरचे सोबती फर्करकाका आले होते. टोपी हातात घेऊन दारातच उभे. आत या म्हटलं तर बुटांना चिखल आहे म्हणाले. मग एकदम — "पोरी, अकरा फेब्रुवारीला पहिली फेक तुझी."

कसली फेक! मी आयुष्यात गळ हातात धरलेला नाही.

"माहीत आहे. पण रीत आहे."

नदीच्या आमच्या पट्ट्यावरची रीत — हिवाळ्यात गिली गेला, तर मोसम उघडायच्या दिवशी त्याच्या घरच्यांपैकी कुणीतरी पहिली फेक करायची. तोवर नदीत कुणी दोरी टाकत नाही. बाबा नाताळच्या तोंडावर गेले. जन्मभर गिली होते. म्हणजे दुसऱ्यांना नदीवर नेऊन, त्यांच्याकडून सॅमन धरवून घ्यायची नोकरी. आता घरची म्हणजे मी एकटीच.

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. काका टोपी घालून गेले.

९ जानेवारी

दिवसभर दुकानात. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचं — "हे बरं दिसतं, की हे?" बहुतेक जण म्हणतात, दोन्ही सारखंच. आज मला त्यांचं पटलं.

११ जानेवारी

गिलीच्या घरात जाऊन बाबांचे कपडे काढले. पिशव्या भरल्या. मधेच वास आला, ओल्या लोकरीचा. थांबून पाहिलं, काही वाटतं का. नाही वाटलं. पिशव्या बांधल्या, सूप गरम केलं, जेवले.

रडू यायला हवं होतं, असं शेजारच्या बाईंच्या चेहऱ्यावरून कळतं.

१३ जानेवारी

काकांना फोन केला. म्हटलं, करते फेक, बाबांचीच काठी द्या. पंधरा फुटी, जुनी, मूठ काळी पडलेली.

"ती नाही मिळायची. गेलेल्याची काठी परत जोडत नाहीत. तिचे तुकडे सुटे करून नदीवरच्या झोपडीच्या तुळईला टांगलेत. तुझी तुला हवी."

"मग काय कपड्यांच्या दोरीला टेकू देतात त्या बांबूने फेकू?"

काका हसले नाहीत. मग म्हणाले, "शनिवारी गेडिसकडे जाऊ."

१७ जानेवारी

गेडिसबाईंचं दुकान. भिंतभर काठ्या, भरलेले पक्षी, एका कोपऱ्यात झोपलेलं मांजर. काठी विकत घ्यायला गेलो आणि लग्न जमवायला गेल्यासारखं झालं. हिची उंची, तिचा स्वभाव, ही तापट, ती सोशिक!

काकांचं म्हणणं पंधरा फुटी. फेब्रुवारीत पाणी चढलेलं, माशा खोल तळाला जायला हव्यात — म्हणजे गळावरची पिसांची आमिषं, पितळेच्या नळीची, जड. एवढं ओझं पाण्यातून उचलायला लांब काठीच लागते. गेडिसबाई म्हणाल्या, "आणि जूनमध्ये? उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात हा एवढा बांबू आपटला की मासा समुद्रात परत जाईल." उन्हाळ्याला साडेबारा फुटी, हलकी, नखाएवढी माशी. दोन्हींचं भागवायचं तर साडेतेरा. हिवाळ्याची दोरी ओढते, उन्हाळ्यात पाणी बिचकवत नाही.

"सगळं जमतं तिला म्हणे!" काका म्हणाले. "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"फर्कर, तू चाळीस वर्षं एकच कोट घालतोस. पावसात, उन्हात, लग्नात, मयतीत. तो धड आहे ना?"

काका कोटाकडे बघत बसले.

मग बाईंनी मला विचारलं, "अगं, आधी हे सांग. तुला काठी एका दिवसासाठी हवी, की सगळ्या मोसमांसाठी? एका दिवसासाठी असेल तर विकत घेऊच नकोस, याच्याकडून पंधरा फुटी उसनी घे. फेक कर, दे परत."

मी मांजराकडे पाहिलं. एवढा साधा प्रश्न! मी रोज याहून अवघड विचारते लोकांना.

साडेतेरा फुटी घेऊन आले. वापरून बघायला. अकरा तारखेनंतर सांग म्हणाल्या.

१८ जानेवारी

रविवार. रविवारी सॅमन धरायला बंदी. शिवाय मोसम बंद. "लोकर धरायला बंदी नाही," काका म्हणाले. गिरणीच्या तळ्यावर गेलो. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकर बांधली. तळ्याच्या कडेला बर्फ.

काठी हातात दिली त्यांनी. मी धरली. काका बघतच राहिले.

"डावरी आहेस?"

"नाही."

"मग डावा हात वर का?"

खाली पाहिलं. खरंच डावा वर, उजवा खाली, मुठीच्या टोकाशी. मी म्हटलं, बाबा असेच धरायचे.

"लाख्लनचा उजवा वर असायचा! मी आयुष्यभर त्याच्या शेजारी उभा होतो, पोरी."

भांडलोच जवळजवळ. माझ्या डोळ्यांपुढे बाबा स्वच्छ उभे — संध्याकाळ, कमरेला पाणी नाही, गुडघ्याला, आणि वरचा हात डावा. आणि मग लक्षात आलं. मी त्यांना नेहमी समोरून पाहिलंय. पलीकडच्या काठावरून. माझा डावा ज्या बाजूला, त्या बाजूला त्यांचा उजवा. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं आरशासमोर काढली आणि हे कळलं नाही!

काका म्हणाले, बरं, असू दे, फेक तशीच.

फेकली. काठी उचलली, सावकाश मागे नेली, पाण्यात दोरीचं टोक टेकू दिलं, थांबले, पुढे. कुणी सांगितलं नव्हतं. लोकर तळ्याच्या मध्यावर जाऊन पडली.

काकांनी नाक शिंकरलं. थंडी होतीच.

१९ जानेवारी

कालचं लिहायचं राहिलं ते लिहिते.

मी सहा वर्षांची असताना आई मला घेऊन बाबांना सोडून नदीच्या या काठावर आली, आजोळच्या घरात. तिचा धाकटा भाऊ याच नदीत बुडाला होता, घरात नदीचं नाव काढलं की ती उठून जायची. बाबा पलीकडे, गिलीच्या घरात राहिले. पूल बराच खाली. रविवारी यायचे, स्वयंपाकघरात बसायचे, ओटची भाकरी आणि चीज खायचे, जायचे. काही बोलायचे नाहीत.

पण रोज संध्याकाळी, पाहुणे गेले की, ते आमच्या परसासमोर नदीत उभे राहायचे. मेंढीघाटावर. पूर्वी तिथे मेंढ्या धुवायचे म्हणून ते नाव. बाबांची ती आवडती जागा. मी परसात, कपड्यांच्या दोरीचा टेकू उपटून त्यांची नक्कल करायची. ते काठी उचलायचे, मी टेकू उचलायची. ते थांबायचे, मी थांबायची. चादरी चिखलात लोळायच्या, आईच्या शिव्या. कधीकधी ते एकच फेक पुन्हा पुन्हा करायचे, फार सावकाश. मासा चुकला असेल, मला वाटायचं.

एवढंच आमचं.

२२ जानेवारी

हात दुखतायत. खांदा नाही, हात. काका म्हणाले, आवळतेस, मूठ सैल सोड. "मऊ काठी आहे, ती तुझ्यासाठी थांबते. तू तिच्यासाठी थांब." पंधरा फुटीही मारून बघितली. जमली नाही, ती मलाच फेकत होती. काका मनातून खट्टू झाले.

२५ जानेवारी

आज काकांना विचारलंच. तळ्यावरून परत येताना, गाडीत. बाबांनी डॉक्टरांना शिकवलं, वकिलांना शिकवलं, त्या सुजलेल्या पायांच्या जर्मन म्हाताऱ्याला पाण्यात खुर्ची टाकून शिकवलं. मला का नाही?

नऊ वर्षांची होते. रविवारी मी सरळ म्हटलं होतं, बाबा, मला शिकवा. त्यांनी आईकडे पाहिलं. म्हणाले, "चहा गार होतोय." बस. पुन्हा विचारलं नाही मी. त्यांनीही काढलं नाही, आई गेल्यावरसुद्धा नाही. तेव्हा तर मी चाळिशीची होते.

काका गाडी हळू चालवत म्हणाले, "तुझ्या आईला, एफीला, शब्द दिला होता त्याने. पोरीच्या हातात काठी देणार नाही. त्या अटीवर रविवार मिळाले त्याला."

"आई गेल्यावर?"

"ज्याला शब्द दिला तो माणूस गेला म्हणून शब्द संपतो का? लाख्लन तसा माणूस नव्हता."

म्हणजे कसा माणूस होता? शब्द पाळणारा. शाबास! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मला राग यायला हवा होता, तो जरासा आला आणि गेला. भाकरीचा तुकडा गिळताना घशाला लागतो तेवढाच.

३० जानेवारी

बर्फ. तळं गोठलं. फेक नाही.

१ फेब्रुवारी

काठी परत करून टाकावी. एका दिवसाचंच तर काम आहे. सगळ्या मोसमांसाठी काठी घेणारी मी कोण! जूनमध्ये मी नदीवर कशाला जाईन? कुणासाठी?

काठी दाराआड उभी आहे. छताला लागते म्हणून तिरकी.

८ फेब्रुवारी

बर्फ वितळलं. काकांनी शेवटचं पाहून घेतलं. "बरी फेकतेस," म्हणाले. यांच्या तोंडून बरी म्हणजे फार झालं. मग, "कुठे उभी राहणार? मोठा डोह दिलाय तुला सगळ्यांनी मिळून. तिथे मासा असतोच."

मी म्हटलं, मोठा डोह नको. मेंढीघाट.

"मेंढीघाट कशाला?"

"बाबांची जागा म्हणून."

काका खूप वेळ दोरी गुंडाळत राहिले. गुंडाळून झालेली दोरी. "ठीक," म्हणाले.

११ फेब्रुवारी

झोपडीवर तीस-चाळीस माणसं. बहुतेक ओळखीची, निम्म्यांचे चष्मे मीच केलेत. बाबांच्या काठीचे तुकडे तुळईला. खालून जाताना मी मान वर केली नाही.

काकांनी सांगितलं, मेंढीघाट. कुणीतरी "मेंढीघाट?" म्हणालं. कुणी बुटांकडे बघायला लागलं. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून किंचित हसले, कुचेष्टेने नाही. मला वाटलं, माझी फेक कशी होणार म्हणून हसतायत.

व्हिस्कीची बाटली उघडली. पहिला घोट नदीला, दुसरा माझा. मग पाण्यात उतरले. पाणी इतकं गार की गुडघ्याखाली पाय आहेत हे नुसतं माहीत होतं. समोर आईचं घर. परस. दोरी अजून आहे, टेकूही. मी या बाजूने ते कधीच पाहिलं नव्हतं! सगळं स्वच्छ दिसतं इथून. दोरीवर काय वाळतंय तेही दिसेल.

वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत होता, जोराचा. अशा वाऱ्यात या काठावर उजवा हात वर धरला तर गळ कानात घुसतो. डावा वर असेल तर वारा गळाला दूर धरतो. काका मागून ओरडले, "तुझा वारा आहे, पोरी!"

उचलली, सावकाश मागे, टोक पाण्यात टेकू दिलं, थांबले. पुढे. दोरी सरळ गेली, आईच्या घराकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मासा नाही लागला. तासभर उभी होते, कुणी बोलावलं नाही. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं. पाय बधिर, मीही.

१२ फेब्रुवारी

काका सकाळी आले. या वेळी आत आले, चिखलाच्या बुटांनी. मी चहा ठेवता ठेवता सहज विचारलं, मेंढीघाटावर बाबांना किती मासे लागले असतील, सगळे मिळून?

"एकही नाही. मेंढीघाटात सॅमन थांबत नाही, पोरी. नुसती रेती, उथळ पाणी. सगळ्या नदीला माहीत आहे. आम्ही हसायचो त्याला. झोपडीत आला की कोट टांगत म्हणायचा — आज पोर फार घाई करते. खांदा उघडते. उद्या अजून हळू फेकीन." चहाकडे बघत काका पुढे म्हणाले, "हात उलटे दिसतील एवढंच त्याच्या लक्षात आलं नाही."

गेडिसबाईंना फोन लावला. साडेतेरा फुटी ठेवते, म्हटलं. सगळ्या मोसमांसाठी. त्या काहीतरी विचारत होत्या, पण मला पुढे बोलता येईना.