मांडीचे पट्टे

भावोजी,

‘दादा पॅराशूटचे मांडीचे पट्टे लावायला विसरला,’ असं तुम्ही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगता.

मी विमानाजवळच उभी होते. विंगसूटची, म्हणजे त्या पंखवाल्या पोशाखाची, चेन लावली की ते पट्टे आत झाकले जातात, म्हणून आमचे हे नेहमी आधी चाचपून बघायचे. त्या दिवशीही वाकलेच होते. तुम्ही म्हणालात, “दादा, नवरीसारखा किती नटतोस!” आणि स्वतःच चेन वर ओढलीत. हेही हसले. वर पॅराशूट नीट उघडलं. हे त्यातून निसटले.

सासूबाई म्हणतात, “धाकटा होता म्हणून निभावलं गं.” मी मान डोलावते. त्यांना आता एकच मुलगा उरलाय. तेवढ्याखातर हे पत्र कपाटातच राहील, आणि म्हणूनच तुम्ही वाचलात.

तोंड मिटून बसलेली,
तुमची वहिनी