दोन सीटांच्या गाडीतली शिट्टी

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा जुन्या गाड्यांत स्टिरिओ बसवण्याचा, राहणार स्वतःच्याच दुकानाच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर हलते आहे ते हृदयाच्या गोळ्यांमुळे. कोणी धाक घातलेला नाही. कान मात्र ठिकाणावर नाहीत, आणि ही गोष्ट मी आज पहिल्यांदा कागदावर मांडत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

माझी पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. मागे एकुलती एक मुलगी आहे. ती शाळेत गणित शिकवते आणि पुलापलीकडे राहते.

कलम १. दुकान आणि वरच्या दोन खोल्या मुलीला मिळाव्यात. तिने त्या विकाव्यात, भाड्याने द्याव्यात किंवा कुलूप लावून ठेवाव्यात, माझी काही हरकत नाही. जिन्याची वरून तिसरी पायरी सैल आहे. ती मी तीस वर्षे उद्या दुरुस्त करणार होतो.

कलम २. बँकेत जे काही आहे ते मुलीचे. त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. तो आटोपशीर असावा आणि कोणी भाषण करू नये.

कलम ३. हत्यारे शेजारच्या रंगाऱ्याला द्यावीत. हा गाड्यांना रंग देतो आणि पस्तीस वर्षे माझ्याकडचे पाने न विचारता नेतो. आता निदान स्वतःचे म्हणून नेईल. सोल्डरिंग गन या यादीत नाही, कारण ती सतरा वर्षांपासून मेहुण्याकडे आहे. ती मी त्याला बक्षीस देत आहे, म्हणजे मला रस्त्यात पाहून त्याला पलीकडच्या फुटपाथवर जावे लागणार नाही. मी गेल्यावर तसेही लागणार नाही म्हणा.

कलम ४. माळ्यावर कापडात गुंडाळलेली एक करवत आहे. ती माझ्या जुन्या भागीदाराला पोचवावी. एका गिऱ्हाइकाच्या चाळीस वर्षे जुन्या गाडीत नवा स्टिरिओ मावेना, म्हणून याने या करवतीने सरळ डॅशबोर्डच कापला. नाचता येईना अंगण वाकडे. जुन्या गाडीत काहीही नवे बसवा, पण तिचा डॅशबोर्ड कापायचा नाही, हा आमच्या दुकानाचा पहिला नियम होता. त्या दिवशी सगळ्यांदेखत मी त्याला म्हणालो, "तुला गाडीचं काही ऐकूच येत नाही." भागीदारी तिथेच मोडली. करवतीबरोबर द्यायला एक झणझणीत निरोप मी वर्षानुवर्षे तयार ठेवला होता. पण हे बोलणाऱ्याचे स्वतःचे काय झाले ते पुढे येईलच. तेव्हा निरोप देऊ नये, नुसती करवत द्यावी.

कलम ५. दोन सीटांची, कापडी छताची, गडद हिरव्या रंगाची माझी स्पोर्ट्स कार मी मुलीला देत आहे.

ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि पुढून चेपलेली होती. पत्रा रंगाऱ्याने सरळ केला, वायरिंग मी केले, सीटांची कव्हरे पत्नीने शिवली. शिवताना तिने तीन सुया मोडल्या आणि गाडीला सवत म्हणाली. सवतीबरोबर फिरायला मात्र तीच आधी तयार होऊन बसायची.

गाडीबरोबर तिचा स्टिरिओही जातो. मूळचा कॅसेटवाला रेडिओ डॅशबोर्डात आहे तो दिसण्यापुरता. खरा स्टिरिओ समोरच्या कप्प्यात आहे आणि अँप्लिफायर डाव्या सीटखाली, जिथे पत्नी बसायची. दारांतले मूळचे चार इंची स्पीकर काढून चांगले घातले आहेत. पत्रा थरथरू नये म्हणून दारांच्या आत डांबरी पट्ट्या चिकटवल्या आहेत. डॅशबोर्डला एक भोकही पाडलेले नाही. चार दिवसांचे हे काम मी वर्षभर करत होतो. ते का, हे पुढच्या कलमात आहे.

कलम ६. या कलमात कोणतीही मालमत्ता नाही. वकीलबाईंनी कच्चा मसुदा पाहून विचारले, "हे मृत्युपत्रात कशाला, काका?" मी म्हणालो, "दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत झाली नाही."

नवा स्टिरिओ बसवला तेव्हा आम्ही दर रविवारी गाडी घेऊन धरणापर्यंत जाऊन यायचो. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पत्नी म्हणाली, "अहो, गाण्यात एक बारीक शिट्टी येतेय."

जुन्या गाडीत नवा अँप्लिफायर घातला की शिट्टी येणे हे नेहमीचे दुखणे आहे. इंजिन बॅटरी चार्ज करत असते, तिथला आवाज वायरीतून स्पीकरमध्ये शिरतो. अर्थिंग नीट केले की जातो. मी कान देऊन ऐकले. मला काहीच ऐकू आले नाही.

त्याच्या महिनाभर आधी एका गिऱ्हाइकाच्या स्पीकरमधली सिसकारी रंगाऱ्याला ऐकू आली होती आणि मला नाही. घड्याळाचा गजर शेजारच्या खोलीतून ऐकू येईनासा झाला होता. मला सगळे कानवाले म्हणत. चालत्या गाडीच्या दारावर तळहात ठेवून कुठला स्क्रू सैल आहे ते सांगणारा माणूस, अशी माझी ख्याती. कानवाल्याचे कान गेले हे बाहेर पडले असते तर दुकानात कोण आले असते? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पत्नीला म्हणालो, "हो, येतेय खरी. काढतो मी."

मग मी न ऐकलेली शिट्टी शोधायला लागलो. अर्थिंगची वायर बदलली. बॅटरीची वायर उजवीकडून घेतली आणि गाण्याची डावीकडून. फिल्टर लावला. अँप्लिफायर बदलला. ती म्हणाली, डाव्या बाजूचा आवाज कमी येतो, म्हणून डाव्या दारातला स्पीकर दोनदा बदलला. दर वेळी मी विचारायचो, "आता?" ती मान तिरकी करून ऐकायची आणि म्हणायची, "आहे अजून." मग मीही गंभीर चेहरा करून म्हणायचो, "आहे." जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असे माझे चालले होते.

एकदा मी विचारलेही होते, "इंजिनचा वेग वाढला की शिट्टी चढते का गं?"

"नाही, एकसारखीच असते. घरी गेल्यावरही राहते कानात."

गाडीची शिट्टी इंजिनाबरोबर चढते आणि उतरते. ही या धंद्यातली बाराखडी आहे. चाळीस वर्षे धंदा केलेल्या माणसाला त्याच क्षणी कळायला हवे होते की ही शिट्टी गाडीत नाही. मला कळले नाही, कारण माझे सगळे लक्ष स्वतःचे कान लपवण्यात होते. मी तिला म्हणालो, "तास तास ऐकल्यावर राहणारच."

मुलीला शंका आली. आई जिना उतरताना भिंतीला हात लावते, फोन उजव्याच कानाला धरते, हे तिने पाहिले होते. तिने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आदल्या दिवशी तिने मला दुकानात फोन केला.

"बाबा, खरं सांगा, ती शिट्टी तुम्हाला ऐकू येते का? तुम्हालाही येत असेल तर ती गाडीतच आहे. मग मी आईला उगाच दवाखान्यात ओढत नेत नाही. ती आधीच घाबरलीय."

समोर रंगारी चहा पीत बसला होता. मी म्हणालो, "येते की. हे कानवाल्याला विचारतेस?"

तिने वेळ रद्द केली.

पुढे तीनेक महिन्यांनी एका रविवारी धरणावरून परत येताना पत्नी म्हणाली, "थांबली हो शिट्टी. आता अगदी स्वच्छ ऐकू येतंय." मी इतका खूश झालो की रंगाऱ्याला दोनदा सांगून आलो.

त्यानंतर दीड वर्षाने ती स्वयंपाकघरात कोसळली. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती, ती वाढत मेंदूपर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आणले असते तर वाटाण्याएवढी असती. ऑपरेशननंतर ती अकरा दिवस राहिली, पण पुन्हा शुद्धीवर आली नाही.

दवाखान्याच्या जिन्यात मुलगी म्हणाली, "वेळ मीच रद्द केली होती, बाबा. मी नेलं असतं तर?" तिथे मला बोलता आले असते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तू मनाला लावून घेऊ नकोस." म्हणजे चूक तिची आणि मी मोठ्या मनाने ती पोटात घालतो आहे, असा त्याचा अर्थ झाला. तो तसाच नऊ वर्षे राहू दिला.

ती हळूहळू येईनाशी झाली. आता महिन्यातून एकदा येते, माझ्या गोळ्या आणते, पेल्यात पाणी ओतून देते, गाडीकडे बघत नाही. स्वतःच्या चुकीने ती आतून खचली आहे हे मला दिसते, आणि तरी मी तिला "चहा घेणार का" यापलीकडे काही विचारत नाही.

म्हणून येथे लिहून देतो की डॉक्टरांची वेळ रद्द झाली ती माझ्या खोटे बोलण्यामुळे. मुलीने मला सरळ विचारले होते, मी सरळ खोटे सांगितले. तिचा यात काडीचाही दोष नाही. माझे पत्नीवर फार प्रेम होते. तरीही वेळ आली तेव्हा मी तिच्याआधी स्वतःची अब्रू सांभाळली, आणि याची लाज वाटली नाही असा माझा एकही दिवस गेलेला नाही.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. कलम ६ लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी पुन्हा लपण्याचीच सोय करतो आहे. मुलीने हे मी गेल्यावर वाचले तर तिने रागवायचे कोणावर? म्हणून सह्या होताच याची एक नक्कल, मी जिवंत असताना, मी स्वतः तिच्या हातात देईन.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे. रंगारी मध्येच उठून बाहेर गेला होता, नंतर येऊन त्याने सही केली.

सही: कानवाले
साक्षीदार: १. शेजारचा रंगारी २. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई
ठिकाण: दुकानाची माडी
दिनांक: ११ मार्च

पुरवणी

वरील मृत्युपत्रातील सर्व कलमे कायम आहेत. कलम ६ मधील एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती येथे जोडत आहे.

काल मुलगी गोळ्या घेऊन आली. मी नक्कल तिच्या हातात दिली. तिने ती दुकानात उभ्या उभ्याच वाचली, शेवटपर्यंत. मग कागदाची घडी करून ती म्हणाली, "हे मला माहीत आहे, बाबा."

मी विचारले, "कधीपासून?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून. आईनं सांगितलं. एकदा तिनं स्टिरिओ बंद असतानाच तुम्हाला विचारलं होतं, येतेय ना शिट्टी? तुम्ही वायरींत डोकं घालूनच म्हणालात, येतेय. तेव्हा तिला कळलं की तुमचे कान गेलेत. तिला वाटलं, वयानं तुम्हाला ऐकू येत नाही, तसं वयानंच आपल्या कानात वाजतंय. तुम्ही सुट्टीच्या दिवशीही गाडीत आडवे पडून वायरी उचकत बसायचात, ते तिला बघवेना. म्हणून मग तिनं सांगून टाकलं, थांबली म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. ती बसली नाही.

"मला म्हणाली, तू बाबांना काही विचारू नकोस, ते आपणहून सांगतील. मी वाट बघत होते. दवाखान्याच्या जिन्यात 'मी नेलं असतं तर' म्हणाले, तेही तुम्ही बोलावं म्हणूनच. दर महिन्याला येताना वाटायचं, आज सांगतील. जाताना पुलावर गाडी थांबवून बसायचे थोडा वेळ. नऊ वर्षं लावलीत, बाबा."

एवढे बोलून ती रडली. मीही रडलो. नऊ वर्षे ती स्वतःला दोष देते आहे असे मी समजत होतो, आणि ती माझ्या एका वाक्यासाठी थांबली होती. गाडी घेशील का, असे मी विचारले, तर आता काही सांगता येणार नाही म्हणाली.

तिने मला माफ केले, असे येथे लिहावे असे फार वाटते. पण ती तसे म्हणालेली नाही, आणि या कागदावर मला आता खोटे लिहायचे नाही.

सही: कानवाले
साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघे
ठिकाण: दुकानाची माडी
दिनांक: १९ मार्च

पुरवणीतला मजकूर वाचून पाहिला. बरोबर आहे.
सही: मुलगी