रांजणांच्या शेजारी बसवलेलं इंटरनेट

कुताइसी,
लग्नानंतरचा मंगळवार

आदरणीय अंझोरभाऊ यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा जुंबेर याचा सप्रेम नमस्कार. तुमची कंबर, तुमचा द्राक्षमळा आणि तुमची ती तापट गाढवी, तिघांचीही प्रकृती उत्तम असावी. नानुली खुशाल आहे. 'दादाला सांगा, अक्रोड पोचले' असा तिचा निरोप. शस्त्रक्रिया झालेला माझा गुडघा जिना दिसला की अजून कुरकुरतो, पण आवाज शाबूत आहे. तो शाबूत असताना भर मेजवानीत माझा जो घात झाला, त्याची हकीकत बद्रीच्या तोंडून तुमच्या कानावर आधीच गेली असेल. म्हणून खरी लिहितो.

नातियाचं लग्न (गिवी गेल्यापासून माझ्या त्या भावाची ही पोर आमच्याच घरात वाढली, हे तुम्हाला काय सांगायचं) दूर परदेशी थेसालोनिकीत, आणि डॉक्टरांची मला विमानबंदी. मग तमादा कोण? पेला कुणाच्या नावाने उचलायचा हे ठरवणारा आणि त्यावर बोलणारा माणूस म्हणजे काही वाढपी नव्हे. त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणाच्या ओठाला थेंब लागत नाही. नातिया म्हणाली, "काका, तमादा तुम्हीच. पडद्यावरून बोला." मुलाकडच्यांनी मात्र नवरदेवाच्या मामाचं, बद्रीचं नाव पुढे केलं. बद्री! जो पूर्वजांचा पेला 'बरं, त्यांनाही' एवढ्यावर उरकतो! ज्या समाजाला आपल्या मेलेल्यांसाठी चार वाक्यं सुचत नाहीत, त्याला जिवंत माणसांसाठी तरी काय सुचणार? हे मी मुलाकडच्यांना फोनवर सुनावलं आणि घरात फायबरचं इंटरनेट घेतलं.

बसवणारा आला, "काका, डबा कुठे लावू?" म्हणाला. आता भाऊ, माणूस उंबरठ्यावर उभा आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं, असं आपल्या घराण्यात कधी झालंय? मी म्हटलं, "आधी खाली चल, यंदाची वाइन चाख." तळघरात, जमिनीत पुरलेल्या रांजणांपाशी आम्ही बसलो. मेंढपाळांच्या इतिहासापासून रोमच्या पतनापर्यंत विषय झाला. शेवटी त्याला जिना चढवेना. तेव्हा मीच विचार मांडला की जिथे वाइन सुखाने नांदते, तिथे यंत्रालाही थंडावा मिळेल. त्याला तो फार पटला. त्याने डबा रांजणाच्या वरच भिंतीला ठोकला आणि माझ्या गळ्यात पडून गेला.

वर दिवाणखान्यात मात्र नेट गोगलगायीसारखं. तालीम म्हणून मी नातियाला देशाच्या नावाचा पेला ऐकवला, तर तिकडे 'दे' पोचला आणि 'श' वाटेतच राहिला. बद्री मागून ओरडला, "जुंबेर, आधी तू निरोप पाठव, आम्ही तोवर जेवून येतो!" मी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "काका, डबा बंद करून पुन्हा चालू करा."

मी म्हटलं, "पोरी, साम्राज्यं बंद करून पुन्हा चालू केलेली मी वाचली आहेत. कारभार तोच राहतो."

"ते असेल काका, पण दिवा हिरवा आहे की लाल?"

मी तिला नागरिकाचे हक्क, जाहिरातीतला शब्द आणि दिलेल्या वचनाची किंमत यांवर जे काही ऐकवलं, ते छापायला हवं होतं. ती शेवटी म्हणाली, "माणूस पाठवते, पण तुम्ही दम घ्या."

माणूस आला. नानुलीने चीज भरलेली गरम खाचापुरी मांडली, मग कोंबडी, मग वांगी. (दोष शोधायला आलेला असला तरी तो पाहुणाच.) त्याने आईच्या आठवणीने डोळे पुसले, मला मोठा भाऊ मानलं आणि डब्याकडे न बघताच गेला. दुसरा आला तो गाडी चालवतो म्हणून पिईना! नानुलीचा चेहरा उतरला. त्याचं मन वळवायला मी त्याला रांजण दाखवायला खाली नेलं, तर त्याने तिथेच मोबाइल काढून वेग तपासला.

"इथे तर धबधबा आहे, काका! वरच्या भिंती एवढ्या जाड कुणी बांधल्या?"

"माझ्या आजोबांनी."

"मग तक्रार त्यांच्याकडेच करा. डबा वर हलवायचा तर नवी तार लागेल. पुढच्या आठवड्यात."

लग्न रविवारी. म्हणून कोट घालून, गुडघ्याला शेक देत, मी तळघरात रांजणांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो, मागे नानुली. देव, देश, नवरा-नवरी, सगळ्यांच्या नावाचे पेले झाले. सारा मांडव उभा राहून ऐकत होता, बद्रीसुद्धा. आणि गेलेल्यांच्या नावाचा पेला उचलला, 'माझा भाऊ गिवी' एवढं म्हणालो, आणि नेट गेलं! तिकडे कुणीतरी "काकांचं नेट गेलं!" असं ओरडलं, बद्रीने संधी साधली, 'बरं, त्यांनाही' म्हणाला आणि पेला रिकामा केला. अशा कंपन्यांच्या भरवशावर देश कसा उभा राहणार, हे तुम्हीच सांगा.

तुमचा,
जुंबेर

ता. क. : भाऊ, तुमच्यापुढे खोटं लिहवत नाही. नेट गेलं नव्हतं. चित्र इतकं स्वच्छ होतं की नातिया हसली तेव्हा तिच्या गालावर गिवीची खळी पडलेली मला दिसली, आणि माझी वाचाच बसली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. तुम्हाला एकच विनंती : तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा नातियाला सहज फोन करून म्हणा की त्या दिवशी आमच्याकडेही नेट बंद होतं.

ता. क. दुसरा : फोन करू नका. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात नातियाचाच आला. म्हणाली, "काका, तुम्ही गप्प होतात आणि मागे काकू रुमालाने डोळे पुसत होती. बंद नेटमध्ये काकू हलेल कशी?" मी म्हटलं, "मग ते ओरडलं कोण?" ती म्हणाली, "मीच. तुमच्याकडे सगळे बघत होते ना."