सहापर्यंतचे आकडे

धाकट्या,

तू गेल्यावर भेटायला आलेल्यांत तुझ्या ऑफिसातली एक बाई होती. खुर्च्या आवरताना ती चक्क आपल्या एल्फ भाषेत मोजत होती. लहानपणी आपण दोघांनी परीकथेतल्या टोकदार कानांच्या एल्फ लोकांची म्हणून रचलेली भाषा, कुणालाही न शिकवण्याची शपथ घेऊन. दोनचा शब्द डोळ्यांवरून केलेला, पाचचा पंजावरून. ही तुझी कोण लागते, आणखी काय काय सांगितलंस हिला, हेच माझ्या डोक्यात. सहा झाल्यावर ती पुन्हा एकपासून मोजू लागली.

"पुढचे येत नाहीत वाटतं?" मी तुसडेपणाने विचारलं.

"पुढचे झालेच नाहीत ना, ताई. तो म्हणायचा, सातपासून ताईची पाळी. रुसलीय, पण करेल."

आज सातचा शब्द केला. आधी तिलाच सांगितला, रागावू नकोस.

तुझी,
ताई