राजहंसाची सात अंडी

मानपाडा,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुराज यास,

आईचे आशीर्वाद. रसिका बरी असेल, शिवानीची शाळा नीट चालू असेल. माझा गुडघा आहे तसाच आहे. तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअपवर मला धड भांडता येत नाही, म्हणून ही चिठ्ठी. तुमच्या टॉवरच्या वॉचमनकडे, गुणाजीकडे देतेय. माझ्या दारापासून तुमच्या गेटपर्यंत दोनशे पावलं नसतील, तरी आईने मुलाला पत्र लिहायची पाळी आणलीस.

शुक्रवारी पाच वाजता तू गाडीतून उतरलास. मी गुणाजीच्या केबिनमध्ये स्टुलावर बसलेले, समोर थर्माकोलचा खोका. तू बघितलंस. बघितलंस रे, नाही म्हणू नकोस. आणि तसाच लिफ्टकडे गेलास. बरोबर तुमचा सेक्रेटरी होता, त्याच्यासमोर लाज वाटली असेल ही बाई माझी आई म्हणून.

मी तिथे कशी आले ते ऐक.

संक्रांतीला मी टिटवाळ्याला तुझ्या मावशीकडे गेलेले. दुसऱ्या दिवशी परतले तर अंगण गप्प. आठ वर्षांत असं झालं नव्हतं, माझी चाहूल लागली की राजहंसांची जोडी मान लांब करून ओरडायची. मला वाटलं कुत्र्यांनी मारलं. मग शेजारच्या भगवानने सांगितलं, "काकी, ऋतूने टेम्पो आणलेला. मुरबाडकडे कुठल्या फार्महाऊसवर पाठवलं दोघांना." मला न विचारता, मी घरात नाही असं बघून! तुझ्या बाबांनी शर्टाच्या आत घालून आणलेली पिल्लं ती. सोसायटीच्या अर्जावर त्रेचाळीस सह्या, त्यात सतरावी तुझी. 'बदकांचा उपद्रव' म्हणे. अरे, बाबांनी तुला शंभरदा सांगितलेलं की ते बदक नाही, राजहंस. सही करण्याआधी निदान तेवढं तरी दुरुस्त करायचंस.

डिसेंबरचं मला सांगू नकोस. ते वेगळं.

टाकीमागच्या पेंढ्यात सात अंडी सापडली. मादी अजून उबवायला बसली नव्हती, म्हणून ती आपण उबवण्यासारखी होती. मी हट्टालाच पेटले. भगवान वायरमनच, त्याने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि आपोआप बंद-चालू होणारं बटण बसवून दिलं. साडेसदतीस अंश लागतात. पहिले चार दिवस थर्मामीटर बरोबर दाखवतोय असं मी धरून चालले. दुसरा आणून शेजारी ठेवला तर तो दोन अंश जास्त दाखवत होता! कुठला खरा ते बघायला तापाचा थर्मामीटर आणला. पहिलाच खोटारडा निघाला. तोवर बल्बाखालच्या एका अंड्याची वाट लागली, आठवड्याने त्याला वास यायला लागला. दहाव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर धरली तर दोन कोरी, जीवच न धरलेली, एकात नुसतं रक्ताचं कडं, जीव धरून मेलेलं. उरली तीन.

त्या तिघांना दिवसातून पाच वेळा उलटलं. या गुडघ्याने. रोज दहा मिनिटं झाकण उघडून गार करायचं आणि पाणी फवारायचं, कारण मादी पाण्यातून ओली येऊन बसते. सुकतील या भीतीपोटी मी दुप्पट फवारत होते.

शुक्रवारी तिसावा दिवस. पहाटे दोन अंड्यांना चोच मारल्याच्या खुणा, आतून चिवचिव. आणि नऊ वाजता लाइट गेली. शुक्रवारची दुरुस्ती, संध्याकाळशिवाय येणार नाही. आधीच्या शुक्रवारी गरम पाण्याच्या बाटल्यांवर निभावलेलं, पण आता बाटली आत ठेवायची म्हणजे झाकण उघडायचं, आणि झाकण उघडलं की आतली पातळ साल सुकून पिल्लाला चिकटते. तुमच्या टॉवरला जनरेटर आहे. मी तुला सहा फोन केले. सहा! मग खोका गोधडीत गुंडाळून निघाले.

गुणाजी म्हणाला, "मावशी, माझी नोकरी जाईल." म्हणाला आणि स्वतःच्या मोबाइलचा चार्जर काढून ती जागा मला दिली.

बारा वाजता एका पिल्लाने अंडं अर्ध्यापर्यंत फोडलं आणि ते थांबलं. वाटेत गोधडी सरकलेली, वारा लागला असणार. मी नखाने साल सोडवायला गेले, रक्त आलं. गेलं ते. तिसऱ्याने चोचच मारली नव्हती. काल फोडून बघितलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू, आत पाणीच पाणी. माझ्याच फवाऱ्याने बुडालं.

दुसरं साडेपाचला बाहेर आलं. तू वर गेलास त्यानंतर अर्ध्या तासात.

तेव्हा रसिका टॉवेल घेऊन खाली आली, मागे शिवानी. तू पाठवलं नव्हतंस हे मला माहीत आहे. रसिका खाली बसली आणि माझा गुडघा दाबू लागली. शिवानी दोन हात लांब उभी. भुवईवरची टाक्यांची खूण अजून गुलाबी आहे.

"आजी, हे पण चावेल?"

"चावेल, मोठं झाल्यावर. लांबून बघायचं."

मग ती हळूच म्हणाली, "कडी मी नव्हती काढली गं."

दोन महिन्यांनी, ऋतू. सहा वर्षांची पोर अजून तेच सांगतेय. आणि मी काय केलं? पिल्लाकडे बघत बसले.

आता लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही. त्या दिवशी कुंपणाची कडी मी लावली नव्हती. हातात दाण्याची बादली होती, आत फोन वाजला, मी तशीच गेले. नर तिच्या अंगावर गेला तो माझ्यामुळे. दवाखान्यात तू तिला विचारलंस, "कडी कशाला काढलीस?" ती नाही म्हणाली, आणि खोटं बोलते म्हणून टाके घातलेल्या पोरीला तू चापट मारलीस. मी शेजारी उभी होते. "पोरांचे हात, काढली असेल," असं म्हणाले. मला वाटलं, माझी चूक कळली तर तू राजहंस ठेवू देणार नाहीस.

तू ते नेलेसच. ते वाचवायला मी नातीला खोटारडी ठरवलं होतं, आणि महिनाभर तुला शिव्या घालत अंडी उलटत बसले.

म्हणून तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. चोरासारखं माझ्या अंगणातून नेलंस, ते चुकलंच. फार्महाऊसचा पत्ता गुणाजीकडे लिहून ठेव, मी त्यांना बघून येईन. परत आणीन असं म्हणत नाही.

पण आधी ही चिठ्ठी शिवानीला समोर बसवून मोठ्याने वाच. तुझ्यावरचा राग आहे तोही वाच, गाळू नकोस. तिला कळू दे की ती खरं बोलत होती, आणि खोटं बोलणारं माणूस कोण ते. तिने बोलावलं तर वर येईन. नाही बोलावलं तर तिचं बरोबर आहे.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझ्या लेकीला तोंड दाखवायला घाबरणारी,

आई