कोपऱ्यावरचा गाळा, फोन करणाऱ्या मुलीस

मी, कोपऱ्यावरच्या बारची मालकीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरतो तो वयामुळे, आणि हे मी कोणी कानाशी लागले म्हणून लिहीत नाही. जन्मभर दारू विकली पण थेंब जिभेला लावला नाही, तेव्हा मी शुद्धीत होते की नव्हते अशी शंका निदान माझ्याबाबतीत तरी कोणी काढू नये. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते. हे करताना छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटते आहे.

१. मिळकत. बारचा गाळा आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या नावावर आहेत. यजमानांनी धंदा सुरू केला आणि लवकरच तो माझ्या गळ्यात टाकून ते गेले. पुढचे सगळे मी केले. परवाना मी गेल्या महिन्यात सरकारजमा केला आहे, त्यामुळे त्यावर कोणी डोळा ठेवण्यात अर्थ नाही.

२. माझे थोरले दीर हयात असल्यास त्यांना गल्ल्यामागचे उंच स्टूल द्यावे. "बाईमाणसाने गल्ल्यावर बसू नये" असे त्यांनी चारचौघांत म्हटले होते. त्यांनी एकदा बसून पाहावे. पाय टेकत नाहीत, कंबर धरते, पण दारातून येणाऱ्याचा चेहरा स्वच्छ दिसतो. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय मी ग्लास भरला नाही. एक पिकल्या मिशांचे गृहस्थ चिडून म्हणाले, "बाई, माझी मुलगी लग्नाची आहे." म्हटले, "मग तिचा दाखला दाखवा, चालेल." ते पुढे माझे नेहमीचे गिऱ्हाईक झाले.

३. समोरच्या, बाटलीबंद दारू विकणाऱ्या दुकानदारास माझा वाचायचा चष्मा द्यावा. ओळखपत्रावरची जन्मतारीख त्याला आजवर दिसलेली नाही.

४. गाळा, आतल्या सामानासह, चावीवाल्याच्या मुलीस पूर्ण मालकी हक्काने द्यावा. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर माझ्या पश्चात लोक स्वतःची कारणे तयार करतील.

पिण्याचे वय पूर्वी अठरा होते, मग एकवीस झाले. कायद्याला मी नावे ठेवत नाही, तो मी पाळला. पण वय वाढले तशी पोरे माझ्या उजेडातल्या टेबलांवरून उठून बंद खोल्यांत गेली. माझ्याकडे दोन ग्लासांनंतर मी तिसरा देताना दहा प्रश्न विचारत असे. खोलीत विचारणारे कोणी नसते. तिथे कोण किती रिचवतो याची शर्यत लागते.

दोन वर्षांपूर्वी, परीक्षा संपली त्या दुपारी, माझा नातू आणि त्याचे मित्र एकाच्या भाड्याच्या खोलीत जमले. बाटल्या नातवानेच समोरच्या दुकानातून आणल्या होत्या. पोटात अन्न नाही, पत्त्यांचा डाव मांडलेला, हरेल त्याने एका दमात ग्लास संपवायचा. आमचे नातूसाहेब पत्त्यांत पहिल्यापासून कच्चे. शेवटी तो आडवा झाला आणि हाकेला ओ देईना. मित्र म्हणाले, "झोपू दे, उतरेल."

चावीवाल्याची मुलगी त्याच्याच वर्गातली. तिनेही थोडी घेतली होती आणि तिचेही वय बसत नव्हते. पण तिने पाहिले की त्याचे ओठ निळे पडताहेत आणि श्वास मध्येच अडकतो आहे. तिने त्याला कुशीवर वळवले आणि फोन काढला. एकाने तिचा हात धरला. "फोन केलास तर सगळेच अडकू. कॉलेज काढून टाकेल."

ती म्हणाली, "काढू दे. हा गेला तर कुठे तोंड लपवशील?"

तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. मित्रांनी बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि धूम ठोकली. माणसे आली तेव्हा खोलीत तो आणि ती एवढेच होते, म्हणून हॉस्पिटलच्या अहवालात नाव तिचे आले. माझ्या मुलाने, म्हणजे नातवाच्या बापाने, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिला सर्वांदेखत सुनावले, "तूच पाजलीस माझ्या मुलाला." तशी लेखी तक्रारही कॉलेजात दिली. नातवाला समज देऊन सोडले. तिला काढले. तेव्हापासून ती बापाच्या टपरीवर किल्ल्या घासते. पळालेले मित्र नंतर गुच्छ घेऊन भेटायला आले होते. त्यांना मी काहीही ठेवलेले नाही.

शुद्धीवर आल्यावर नातवाने बापाला खरे काय ते सांगितले. बाप म्हणाला, "तिला पाठीशी घालू नकोस." विषय तिथेच मिटला, म्हणजे घरात. टपरीवर तो मिटलेला नाही.

गाळा देते म्हटल्यावर मुलगी म्हणाली, "आजी, गाळा नको मला. काकांनी एकदा म्हणावं, की मी पाजली नव्हती. लोक किल्ली घेतात आणि पाठ वळली की कुजबुजतात."

मी म्हटले, "ते माझ्या हातात असतं तर गाळ्याआधी तेच दिलं असतं, बाळ."

गाळा माझ्या हातात आहे, तो मी देते. तिथे तिने किल्ल्या कराव्यात, नाहीतर विकून टाकून राहिलेले शिक्षण पुरे करावे. मी वर बसून नाक खुपसणार नाही.

५. बँकेतली शिल्लक नातवास. मी त्याला कसली शपथ घातलेली नाही आणि त्याला उपदेश करायचा मला कंटाळा आहे. गेल्या महिन्यात त्याला एकवीस पुरी झाली. त्या दिवशी तो बारमध्ये आला, खिडकीजवळच्या टेबलावर बसला आणि म्हणाला, "आजी, लिंबाचं सरबत." मी सवयीने दाखला मागितला. त्याने हसत काढून दिला. जन्मतारीख वाचताना मला रडू कोसळले. या तारखेपर्यंत तो पोचेल की नाही असे दिवस मी काढले होते. किती हलके वाटले ते मला नीट सांगताही येणार नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन परवाना परत केला. पुरे झाले.

६. वरच्या दोन खोल्या माझ्या मुलास. तो वाईट माणूस नाही. त्या दिवशी तो भेदरला होता, कोणावर तरी ओरडल्याशिवाय त्याला उभे राहवत नव्हते आणि ती पोरगी समोर होती. नंतर चूक कळली तरी शब्द मागे घेणे त्याला लहानपणापासून जमत नाही. यजमानांवर गेला आहे.

७. कलम ६ मध्ये बदल, आजच, सही करण्यापूर्वी. माझ्या मागे भांडण नको म्हणून मी मुलाला वकिलांकडे बोलावले आणि सर्व मजकूर त्याच्यासमोर वाचायला लावला. कलम ४ त्याने परत वाचायला सांगितले. एक साक्षीदार, आमचे डॉक्टर, हजर होते. दुसरा, शिंपी, आला नव्हता. मुलगा म्हणाला, "मी करतो सही."

वकील म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमच्या खोल्या जातील."

"जाऊ देत."

तेवढ्यात शिंपी धापा टाकत आला. मुलाने पेन काही सोडले नाही. शिंप्याला चहा पाजला. तरी कलम ६ मधील खोल्या आता नातवास जाव्यात.

वरील मजकूर मी राजीखुशीने लिहून दिला, वाचून घेतला, तो मला मान्य आहे.

ठिकाण: वकिलांचे ऑफिस, जिन्याशेजारची खोली
दिनांक: चौदा मार्च, दुपार

लिहून देणार: कोपऱ्यावरच्या बारची मालकीण (सही)

साक्षीदार पहिला: डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा मुलगा (सही, खाली त्याच्याच अक्षरात)
कलम ४ मी पूर्ण वाचले. त्या मुलीने पाजली नव्हती. तिने फोन केला म्हणून माझा मुलगा जिवंत आहे.