होडीचा उरलेला पिवळा

प्रणाली,

माहेराहून आल्या आल्या स्वयंपाकघरात घुसू नकोस, आधी हे वाच. कपाटांच्या दारांना बोट लावू नकोस, रंग ओला आहे.

हो, रंगवली एकदाची! जुना काळपट थर मी आणि केतनने पॉलिश पेपरने घासून काढला. खांदा अजून ठणकतोय, पण मजा आली गं. तू फोनमध्ये फिका पिवळा दाखवला होतास. तुझ्या नवऱ्याने होडीचा उरलेला पिवळाच फासला. आता आपलं स्वयंपाकघर भर समुद्रातून दिसेल. मी त्याला ओरडायला गेले आणि हसतच सुटले.

मसाल्याचे डबे खाटेवर टोपलीत आहेत. तू त्यांची जागा बदललीस म्हणून त्या दिवशी मी काय काय बोलले, ते आता पुन्हा लिहीत नाही. तुला हवे तिथे लाव. हळद सापडली नाही तर मी तुला विचारीन.

रंगाच्या वासाने डोकं उठलंय, म्हणून दिघीला बहिणीकडे चाललेय. केतन होडीवर गेलाय. कोळंबीचं कालवण झाकून ठेवलंय, गरम करून जेव.

आणि एक राहिलं. होडी रंगवून झाली की नारळ तिचा मालकच फोडतो, हे तुला ठाऊक आहे. ओट्यावर नारळ ठेवलाय. केतन फोडायला निघाला होता. त्याच्या हातावर चापट मारली आणि म्हटलं, थांब, मालकीण माहेरी गेलीय, तिला येऊ दे.

आई